जखम लेकराची, नातं मोठ्यांचं

शेजाऱ्याच्या कुत्र्याने आपल्या मुलाला चावा घेतला तर आईबाप गप्प बसत नाहीत. सोसायटीत तक्रार जाते, पोलीस चौकी गाठली जाते, निदान दवाखान्याचं बिल तरी समोर ठेवलं जातं. तोच कुत्रा काकांचा, मावशीचा किंवा आत्याचा असला की सगळ्यांची तोंडं बंद होतात. जखम मात्र तेवढीच खोल असते.

समजा, सहा वर्षांचा एक मुलगा मे महिन्याच्या सुट्टीत आईसोबत आत्याकडे राहायला गेला. आत्याकडे जर्मन शेफर्ड. दुपारी कुत्रा जेवत असताना मुलगा त्याच्या भांड्याजवळ गेला आणि कुत्र्याने त्याच्या गालाचा लचका तोडला. लहान मुलांची उंचीच अशी, की कुत्र्याचे दात बरेचदा थेट तोंडावर, डोक्यावर, मानेवर बसतात. आत्याने स्वतः गाडी काढली, डॉक्टरांपुढे रडली, पहिल्या दिवसाचं बिलही तिनेच भरलं. जखम धुऊन तिच्यात रेबीजचं इम्युनोग्लोब्युलिन टोचलं, मग सैल टाके घातले. डाव्या डोळ्याखालून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत. आता तीन महिने झालेत. व्रण राहणार आणि पुढे शस्त्रक्रिया लागेल, असं डॉक्टर सांगतात. आई म्हणते, याचा काही तरी निकाल लागला पाहिजे. वडील म्हणतात, सख्ख्या बहिणीवर केस करू?

हे घर कल्पनेतलं असलं तरी त्याच्यापुढचा पेच खरा आहे. त्याच्या दोन बाजू दोन माणसांच्या तोंडी दिल्या आहेत. एक मामा, निवृत्त मुख्याध्यापक, गावातले कितीतरी तंटे ओटीवर बसून मिटवलेले. दुसरी त्यांची भाची, जिल्हा न्यायालयात दिवाणी कामं चालवणारी वकील.

मामा : मी आधीच सांगतो, केस करू नये या मताचा मी आहे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे जुन्या लोकांनी उगाच म्हटलेलं नाही. आत्याने काय मुद्दाम केलं? पोरगं तिच्या अंगाखांद्यावर वाढलंय. उद्या लोकांच्या लक्षात कुत्रा राहणार नाही, वहिनीने नणंदेवर केस टाकली एवढंच राहील. राखी बंद, भाऊबीज बंद आणि आजीने कोणाच्या घरी जेवायचं?

भाची : आत्याच्या मनात पाप होतं असं कोणीच म्हणत नाही, मामा. भरपाई मागायला समोरच्याच्या मनात पाप असावं लागत नाही, निष्काळजीपणा पुरतो. पण त्याआधी मला सांगा, भरपाईचा हा हक्क आहे कोणाचा?

मामा : आईवडिलांचा. खर्च त्यांनी केला, धावपळ त्यांनी केली.

भाची : घोटाळा इथेच होतो. यात दोन वेगळे हक्क आहेत. औषधपाणी, प्रवास, बुडालेला रोज, हा खर्च आईवडिलांचा. तो त्यांनी सोडायचा म्हटलं तर सोडू शकतात. पण दुखलं ते मुलाला. चेहरा मुलाचा, उद्याची शस्त्रक्रिया मुलाची, शाळेत पोरं चिडवतील ती त्यालाच. या सगळ्याची भरपाई मुलाची आहे. दिवाणी दाव्यात वादी म्हणून त्याचंच नाव लागतं : कुमार अमुक, वय 6 वर्षे, अज्ञान, पालनकर्ता आई. आई फक्त त्याच्या वतीने उभी राहते.

मामा : नाव कोणाचंही लागू दे. सहा वर्षांच्या पोराला काय कळतंय? ठरवणार आईवडीलच.

भाची : ठरवणार तेच, पण विश्वस्त म्हणून. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर 32 आहे, अज्ञान मुलांच्या दाव्यांसाठी. मुलाच्या वतीने जो उभा राहील त्याचे हितसंबंध मुलाच्या विरोधात नसावेत, ही त्यातली एक अट. म्हणजे ज्या बापाचा जीव बहिणीत अडकलाय, त्यापेक्षा या दाव्यात आईने उभं राहणं बरं. पुढे नियम 7 म्हणतो की दावा चालू असताना न्यायालयाच्या परवानगीवाचून तडजोड करता येणार नाही. पालनकर्त्याने शपथपत्र द्यायचं आणि ही तडजोड मुलाच्या हिताची आहे, असं वकिलाने लेखी प्रमाणित करायचं. पैसे मिळाले तरी नियम 6 आडवा येतो. न्यायालयाच्या परवानगीशिवाय पालनकर्त्याला ते परस्पर घेता येत नाहीत.

मामा : म्हणजे कायद्याचा आईबापांवर विश्वास नाही.

भाची : आईबापांवर किती बाजूंनी दडपण येतं, हे कायद्याला ठाऊक आहे. आजी रडते, बहीण हात जोडते, कोणी तरी म्हणतं, पैशासाठी नातं तोडताय का. अशा वेळी आईबाप जे सोडून देतात ते त्यांच्या मालकीचं नसतंच. म्हणून मध्ये न्यायाधीश उभा केलाय.

मामा : मग न्यायाधीशाच्या वेळेचंही सांग ना. मुंबईतलं ते प्रकरण वाचलंस का? मालमत्तेवरून दोन नातेवाइकांची रस्त्यात वादावादी चालली होती. एकाच्या गाडीत रॉटवायलर होता. दार उघडू नकोस म्हणत असतानाही त्याने उघडलं आणि कुत्रा समोरच्या वयस्कर माणसाला चावला. ही 2010 ची गोष्ट. गिरगावच्या दंडाधिकारी न्यायालयाचा निकाल लागला 2023 ला, तीन महिने कैद. तेरा वर्षं! आपलं पोर तोवर कॉलेजात जाईल. अशा मोठ्या कुत्र्याचं आयुष्यसुद्धा बहुधा एवढं नसतं.

भाची : वेळेबद्दल तुमचं म्हणणं मला मान्य आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण ते फौजदारी प्रकरण होतं. लोक दोन्हीला केसच म्हणतात, म्हणून गल्लत होते. फौजदारीत खटला सरकार चालवतं आणि शिक्षा हा हेतू असतो. दिवाणी दाव्यात कोणी तुरुंगात जात नाही, झालेलं नुकसान भरून मागायचं असतं. प्राणी बाळगताना पुरेशी खबरदारी न घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जुन्या दंड संहितेत हेच कलम 289 होतं, तेव्हा दंड हजार रुपये होता. त्याच्या जोडीला कलम 125 लागतं. निष्काळजीपणाने साधी दुखापत झाली तर सहा महिन्यांपर्यंत आणि गंभीर दुखापत झाली तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि चेहरा कायमचा विद्रूप होणं हे कायद्याच्या व्याख्येनुसार गंभीर दुखापतीतच मोडतं.

मामा : म्हणजे गालावरच्या व्रणासाठी आत्याला तीन वर्षं? ऐकलंस, काय बोलतेयस ते?

भाची : ती कमाल शिक्षा आहे. आणि मी आत्यावर गुन्हा नोंदवा असं म्हटलेलंच नाही.

मामा : नोंदवला तर पुढे काय होतं ते मी पाहिलंय. दोन महिन्यांनी दोन्ही घरं शांत होतात आणि मग मिटवायला धावतात.

भाची : आणि मिटत नाही, हेही खरं. कलम 125 खालचा गुन्हा न्यायालयाच्या परवानगीने आपसात मिटवता येतो. कलम 291 मात्र मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत नाही. त्यासाठी उच्च न्यायालयात जाऊन गुन्हा रद्द करून घ्यावा लागतो. म्हणून या घराला मी पहिलं पाऊल पोलीस ठाण्याकडे टाकायला सांगणार नाही. एकच अपवाद. कुत्रा आधीही चावला होता आणि आत्याने ते लपवलं असेल, किंवा त्याला रेबीजची लस दिलेली नसताना दिली म्हणून सांगितलं असेल, तर मी फौजदारी तक्रारीच्या बाजूने उभी राहीन. तिथे चूक संपते आणि फसवणूक सुरू होते.

मामा : बरं, फौजदारी बाजूला ठेवली. दिवाणीत काय सिद्ध करणार? कुत्रा आजवर कोणाला चावला नव्हता. पहिल्यांदाच घडलं.

भाची : पहिला चावा माफ, असं लोक म्हणतात ते जुन्या इंग्रजी कायद्यावरून. कुत्रा हा माणसाळलेला प्राणी, तेव्हा तो आक्रमक आहे हे मालकाला माहीत असेल तरच मालक जबाबदार, असा तो नियम. आपल्याकडे पाळीव कुत्र्याच्या चाव्याच्या भरपाईसाठी स्वतंत्र कायदा नाही, त्यामुळे आपली न्यायालयं याच तत्त्वांवर चालतात. पण त्या नियमाशेजारी निष्काळजीपणाचं तत्त्व उभं आहे. आक्रमक स्वभाव ठाऊक होता हे सिद्ध झालं नाही तरी एवढा एकच प्रश्न विचारता येतो : घरात सहा वर्षांचं मूल आहे, कुत्रा जेवतोय, अशा वेळी त्याला बांधून किंवा वेगळ्या खोलीत ठेवायला नको होतं का? जेवणाऱ्या कुत्र्याजवळ मुलाला जाऊ देऊ नये, हे कुत्रा पाळणाऱ्या प्रत्येकाला कळतं.

मामा : आणि आई कुठे होती? तीही त्याच घरात होती, आतल्या खोलीत आडवी झालेली. आत्याचे वकील पहिला प्रश्न हाच विचारतील. भर कोर्टात आईची अब्रू काढतील.

भाची : विचारतील. आईने तयारीने जावं. पण आईचं लक्ष नव्हतं म्हणून मुलाचा हक्क बुडत नाही. तिच्या चुकीचा भार मुलाच्या माथी मारायचा नाही, हे तत्त्व आता पक्कं आहे. आणि मुलगा स्वतः भांड्याजवळ गेला म्हणाल, तर सहा वर्षांच्या मुलाकडून मोठ्या माणसाइतक्या सावधपणाची अपेक्षा कायदा करत नाही.

मामा : पैसे किती मागणार? पंजाबकडच्या उच्च न्यायालयाने दातागणिक दर ठरवलाय म्हणतात.

भाची : पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने 2023 मध्ये तसा निकाल दिला. प्रत्येक दाताच्या खुणेमागे किमान 10,000 रुपये आणि मांस निघालं असेल तर दर 0.2 सेंटिमीटर जखमेमागे किमान 20,000. पण तो रस्त्यावरच्या प्राण्यांचा विषय होता. मुख्य जबाबदारी तिथे सरकारवर टाकली आणि भरपाई ठरवायला समित्या नेमायला सांगितल्या. आपल्या न्यायालयांवर तो बंधनकारक नाही आणि घरच्या कुत्र्याला तो जसाच्या तसा लावता येणार नाही. मी दात मोजणार नाही. मी बाबी लिहीन. आजवरचा खर्च. मूल मोठं होताना त्वचा ताणली जाते, तेव्हा व्रण सुधारायला लागणाऱ्या शस्त्रक्रियेचा प्लास्टिक सर्जनने लिहून दिलेला अंदाज. रात्री दचकून उठत असेल, कुत्रा दिसला की अंग आखडून घेत असेल, तर समुपदेशनाचा खर्च. आणि वेदना व विद्रूपता यांची भरपाई. ती न्यायाधीश ठरवतात.

मामा : हा सगळा पैसा आत्याने आणायचा कुठून? नवऱ्याची पेन्शन आणि दोन खोल्या. भावाला भरपाई द्यायला बहिणीने मंगळसूत्र मोडायचं?

भाची : ही अडचण खरी आहे आणि ती आपल्याकडे जास्त टोचते. अमेरिकेतल्या न्यू जर्सीत आपली इतकी मराठी घरं आहेत. तिथला कायदा कुत्र्याच्या मालकाला थेट जबाबदार धरतो, कुत्रा आधी चावला होता का हे विचारतच नाही. तिथे घराच्या विम्यात बहुधा अशा इजेची जबाबदारी धरलेली असते, साधारण 1 ते 3 लाख डॉलरपर्यंत. त्यामुळे भाऊ दावा लावतो तो बहिणीच्या नावावर, पण पैसे देते विमा कंपनी. बहीणच त्याला कंपनीचा फोन नंबर देते. एकाच घरात राहणाऱ्याला इजा झाली तर विमा लागू होत नाही, पण सुट्टीला आलेल्या भाच्याला लागू होतो.

मामा : म्हणजे भांडण कंपनीशी. मग नातं कशाला बिघडेल?

भाची : आणि एवढ्यावर ते थांबत नाहीत. अज्ञान मुलाची तडजोड तिथे न्यायाधीशापुढे ठेवावीच लागते. भांडण आधीच मिटलेलं असतं. ही रक्कम मुलाला योग्य आहे का, एवढंच न्यायाधीश पाहतात. त्या सुनावणीला तिथे फ्रेंडली हिअरिंग म्हणतात. मग पैसा मूल 18 वर्षांचं होईपर्यंत काउंटीच्या एका अधिकाऱ्याकडे सुरक्षित राहतो.

मामा : हे मला पटण्यासारखं आहे. पण आपल्याकडे तसा विमा कोणाकडे असतो?

भाची : पाळीव कुत्र्याच्या विम्यात तिसऱ्या व्यक्तीला झालेल्या इजेची जबाबदारी उचलणारं कलम आपल्याकडेही मिळतं. लोक फक्त कुत्र्याच्या आजारपणापुरता विमा काढतात. काही हजारांची शस्त्रक्रिया झाकतात आणि लाखांची जबाबदारी उघडी ठेवतात. कलम घेताना कोणत्या नातेवाइकांना वगळलंय, तेही वाचून घ्यावं. आत्याकडे ते नाही, मग हप्ते बांधून द्यावे लागतील. ऐपतीप्रमाणे, पण लेखी.

मामा : आता माझं खरं म्हणणं ऐक. तू पैशाचं, कलमांचं बोललीस. मी पोराचं बोलतो. हा मुलगा दहा-बारा वर्षांचा होईल तेव्हा त्याला कळेल की बाबा आणि आत्या माझ्यामुळे बोलत नाहीत. आजी गेली तेव्हा आत्या दारातून परत गेली, माझ्यामुळे. आतेभावाच्या मुंजीला मी नव्हतो, माझ्यामुळे. गालावरचा व्रण शस्त्रक्रियेने फिका होईल. हा कशाने होईल? तुझ्या कोर्टात याची भरपाई कोणत्या बाबीखाली लिहितात?

भाची : कुठल्याच नाही. आणि ज्या वकिलाला हा प्रश्न पडत नाही, त्याने घरगुती दावे घेऊ नयेत असं मला वाटतं. पण याची दुसरी बाजूही पाहा. तीन महिने त्या घरात काय चाललंय? मुलगा आत्यासमोर गाल धरून बसला की वडील डोळे वटारतात. आजी म्हणते, आता काय दुखतंय, बरं झालं ना. कोणी विचारलं तर पडला म्हणून सांगायचं, असं त्याला शिकवलंय. मोठ्यांची मनं दुखू नयेत म्हणून आपलं दुखणं लपवायचं, हे सहाव्या वर्षी शिकलेलं पोर पुढे आणखी काय काय लपवील, मामा? मुख्याध्यापक म्हणून तुम्हीच सांगा.

मामा : हे मात्र खोटं नाही. शाळेत अशी पोरं मी ओळखायचो. काही विचारलं की आधी घरच्यांकडे बघणारी.

भाची : म्हणून म्हणते, त्याला कळेल अशा शब्दांत घरातल्या मोठ्यांनी एकदा म्हटलं पाहिजे : तुला इजा झाली, ती आमच्या चुकीने झाली, आणि तुझं जे आहे ते आम्ही तुझ्यासाठी राखून ठेवलंय. मग आत्याकडे जाणं-येणं त्याच्या मनात साफ राहील.

मामा : मग थांबू या ना. मोठा झाला की तोच ठरवील. मला वाटतं, कायद्यातही तशी सोय आहे.

भाची : आहे. अशा दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. 1963 च्या मुदत कायद्याच्या कलम 6 आणि 8 प्रमाणे अज्ञान मुलाची मुदत तो सज्ञान झाल्यावर धरतात, म्हणजे 18 पूर्ण झाल्यापासून तीन वर्षं, 21 व्या वर्षापर्यंत. पण ही सवलत मुलाच्या दाव्यालाच. आईवडिलांच्या खर्चाच्या दाव्याला घटनेपासूनच तीन वर्षं. फौजदारीची मुदत तर आणखी वेगळी : कलम 291 किंवा साधी दुखापत असेल तर एक वर्ष, गंभीर दुखापत असेल तर तीन. आणि मुदत शिल्लक असणं वेगळं, पुरावा शिल्लक असणं वेगळं. पंधरा वर्षांनी केसपेपर कुठे सापडणार? डॉक्टर कुठे असतील? ती दुपार आठवणारं कोण उरेल? वाट पाहायची असली तरी कागद आजच गोळा करावे लागतील.

मामा : कोणते कागद?

भाची : पहिल्या दिवशीचा केसपेपर. त्यावर आत्याच्या घरच्या पाळीव कुत्र्याचा चावा, असं स्पष्ट लिहिलेलं हवं. पडल्याची जखम असं नातेवाइकांच्या भिडेने सांगितलं की दावाही बिघडतो आणि उपचारही चुकतात. पहिल्या आठवड्यातले जखमेचे फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून, आणि नंतर दर काही महिन्यांनी. रेबीजच्या इंजेक्शनांच्या तारखांचं कार्ड. कुत्र्याचं लसीकरणाचं पुस्तक, पालिकेचा परवाना असला तर त्याची प्रत. दहा दिवस कुत्र्यावर नजर ठेवली होती का, त्याची नोंद. सगळी बिलं.

मामा : रेबीजवरून आठवलं. घरचा कुत्रा, लस दिलेला, मग इंजेक्शन कशाला, असं म्हणणारे अजून आहेत. हळद-चुना भरणारेही आहेत.

भाची : त्यांना हात जोडून सांगा, मामा. लक्षणं दिसायला लागली की रेबीज जवळजवळ नेहमीच जीव घेतो. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. हळद नको, चुना नको, मिरची नको. आणि कुत्रा घरचा आहे म्हणून थांबायचं नाही.

मामा : कुत्र्याचं काय करायचं? आतोबा म्हणाले, लांब कुठे तरी सोडून येतो.

भाची : मुळीच नाही. पाळलेला प्राणी बेवारस सोडणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. आणि उद्या तो दुसऱ्याच्या पोराला चावेल. तडजोडीतच लिहून घ्यायचं : कुत्र्याला वेगळ्या जागी खायला घालायचं, मुलं घरी असताना बांधून ठेवायचं, बाहेर नेताना मुस्कं घालायचं, लस वेळेवर द्यायची आणि प्रशिक्षकाला दाखवायचं.

मामा : आता माझी पद्धत ऐक. पहिल्यांदा वकिलाची नोटीस जाणार नाही. नोटिशीची भाषा वाचली की माणसाचं डोकं फिरतं. आधी मी आणि मुलाचे वडील आत्याकडे जाऊ. वहिनी नाही, भाऊ जाईल. त्याच्या तोंडून ऐकलं की तिला ते तिरस्कारातून आलंय असं वाटणार नाही. आजीही समोर बसेल.

भाची : हे मला मान्य. माझ्या अटी तीन. एक, पैसे मुलाच्या नावाने मुदत ठेवीत जातील. घराच्या हप्त्यात किंवा त्याच्या बहिणीच्या लग्नात नाही. दोन, पुढच्या शस्त्रक्रियेचा खर्च मोकळा ठेवायचा. 'यापुढे कसलाही हक्क राहिलेला नाही' अशी ओळ लिहायची नाही. तीन, हे नुसतं स्टँप पेपरवर नोटरी करून संपवायचं नाही. आईबापांनी बाहेर केलेली तडजोड मुलाच्या हिताची नसेल तर सज्ञान झाल्यावर तो तिला आव्हान देऊ शकतो. म्हणजे आत्यासुद्धा निर्धास्त राहत नाही.

मामा : मग शेवटी कोर्टच.

भाची : भांडायला नाही, मंजुरीला. दावा दाखल करायचा आणि त्यासोबतच नियम 7 खाली तडजोडीला परवानगी मागायची. न्यायाधीश रक्कम पाहतील, आईचं शपथपत्र पाहतील, पैसे कुठे ठेवायचे ते ठरवतील. दुसरी वाट म्हणजे दाखलपूर्व प्रकरण म्हणून लोकअदालतीत ठेवणं. तिथला निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. तडजोड मुलाच्या हिताची आहे ना, हे मात्र तिथेही पॅनलपुढे स्पष्टपणे मांडायला हवं. मूल असल्यामुळे वकीलही फुकट मिळतो. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात स्त्रिया आणि मुलांना उत्पन्नाची अट नाही.

मामा : आणि आत्या नाही म्हणाली तर? मी गेलो, भाऊ गेला, आजीने सांगितलं, तरी ती म्हणाली की एक पैसा देणार नाही, तुमच्या पोरानेच कुत्र्याला डिवचलं. तर?

भाची : तर दावा. तडजोडीसाठी नाही, निकालासाठी.

मामा : मी तरीही म्हणेन, सोडून द्या.

भाची : तुम्ही तुमचं सोडा, मामा. त्याचं नका सोडू.

इथे दोघांचा वाद थांबतो आणि शेवटच्या प्रश्नावर त्यांचं एकमत होत नाही. माझं मत सांगतो. वाट कशी धरायची याबाबत मामा बरोबर आहेत. आधी नोटीस नको, आधी पोलीस नको, भावाने बहिणीकडे स्वतः जावं. घरात मिटण्यासारखं प्रकरण रागाच्या भरात कलम 291 मध्ये अडकलं की दोन्ही घरं अनेक वर्षं तारखांना जातात आणि मुलाच्या हाती काही लागत नाही. पण हक्क कोणाचा, या प्रश्नावर भाचीचं म्हणणंच टिकतं. मोठ्यांना आपलं नातं जपायचं असेल तर त्याची किंमत त्यांनी आपल्या खिशातून द्यावी. जो स्वतः नाही म्हणू शकत नाही, त्या मुलाच्या गालावरून ती वसूल करू नये. आणि आत्याने खरोखरच हात वर केले तर आईने दावा लावण्यात कुठलाही कृतघ्नपणा नाही.

कुत्रा पाळणाऱ्या प्रत्येक आत्या-काका-मावशीला एवढंच सांगणं आहे : विम्यात तिसऱ्या व्यक्तीच्या इजेचं कलम घ्या आणि घरी मूल येणार असेल तेव्हा कुत्र्याच्या जेवणाची जागा बदला. आणि ज्या आईबापांवर ही वेळ आली असेल त्यांनी आज, या आठवड्यात, केसपेपर, फोटो आणि बिलं एका फाइलमध्ये लावावीत. पुढे काय करायचं ते मग ठरवा. सल्ला हवा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात असतं. तिथे मुलाच्या नावाने मदत मागायला पैसे लागत नाहीत.